एवढी सुई संपू दे

विणणाऱ्या बाईला हाक येते ती ती सुईच्या मध्यावर असताना. एक सुई नुकतीच संपली आहे, पुढची अद्याप सुरू व्हायची आहे, हात मोकळे आहेत आणि मन कोणाच्याही कामाला तत्पर आहे, अशा क्षणी कोणी हाक मारल्याचे मला स्मरत नाही, माझ्या परिचयातल्या ज्या स्त्रियांनी आयुष्यभर लोकरीची संगत केली त्यांनाही ते स्मरत नसावे, कारण त्या सर्वांच्या मुखी एकच उत्तर रुळलेले आहे : "एवढी सुई संपू दे, उठलेच." हे वाक्य मी आईच्या तोंडून ऐकले, लग्नानंतर सासूबाईंच्या तोंडून ऐकले, आणि आज आटगावच्या घरी पडवीत बसून मी स्वतः ते उच्चारते. या मागणीचे माप किती लहान आणि ती मंजूर होणे किती दुर्मिळ, याविषयी एकदा सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

माप खरोखरच लहान आहे. बाळंतविड्यातले एखादे झबले घ्यावे. चार पदरी लोकर आणि दहा नंबरच्या सुया घेतल्या तर मध्यम हाताला एका इंचात साधारण ७ टाके बसतात. छातीचा घेर १८ इंच धरला तर पाठीचा भाग ९ इंचांचा, म्हणजे ६३ टाक्यांचा होतो. सरावलेल्या हाताला सुलट टाक्यांची अशी एक सुई, म्हणजे एक ओळ, विणायला दोन-अडीच मिनिटे पुरतात. विणणारी स्त्री घरापाशी जी मुदत मागते ती एवढीच. दूध उतू जायला याहून कमी अवधी लागतो हे मला मान्य आहे आणि दुधासाठी सुई अर्ध्यावर सोडून धावण्याबद्दल माझी काहीही फिर्याद नाही. परंतु चष्मा कोठे ठेवला, पोस्टाचे पासबुक कोणत्या कप्प्यात आहे, आज भाजी कसली करायची, या प्रश्नांना दोन-अडीच मिनिटांनी उत्तर मिळाले तर कोणाचेही अहित होत नाही, आणि तरी ते प्रश्न त्याच क्षणी निकालात निघावेत असा घरोघरचा शिरस्ता आहे.

सुई मध्येच टाकली तर बिघडते काय, असे ज्याने कधी लोकर हाती धरली नाही तो प्रामाणिकपणे विचारतो आणि त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. मागावरच्या कापडात उभा ताणा आधीच बांधलेला असतो, बाणा आडवा जातो, आणि विणकराने हात थांबवला तर झालेले कापड होते तेथेच सुरक्षित राहते. लोकरीच्या विणीला असा ताणा नाही. तेथे एकच अखंड धागा, त्याचेच फास, आणि प्रत्येक फास वरच्या फासाने पकडून ठेवलेला. अगदी वरच्या ओळीला पकडणारे दुसरे काही नसल्यामुळे ती केवळ सुईच्या आधाराने उभी असते. सुई निसटली, मुलाचा पाय लागला, कोणी खुर्ची ओढली, की एक टाका गळतो, त्याच्या खालचा मोकळा होतो, मग त्याच्याही खालचा, आणि विणीत शिडीसारखी उभी फट पडत जाते. ती क्रोशाच्या सुईने एकेक पायरी वर उचलून बुजवता येते. साध्या विणीत हे काम शांतपणे केले तर मागमूस राहत नाही. जाळीच्या विणीत मात्र, जेथे कोठे धागा पुढे घेऊन टाका वाढवलेला आणि कोठे दोन टाके एकत्र विणून घटवलेले असतात, तेथे गळालेला टाका नेमका कोणता होता हे विणीकडे पाहूनही उमगत नाही, आणि अनेकदा चार बोटे विणलेले सगळे उसवणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो.

टाका न गळताही नुकसान होते. अर्ध्यावर ठेवलेले विणकाम पुन्हा उचलताना कोणत्या दिशेने जायचे हे आधी ठरवावे लागते. धागा ज्या टाक्यापासून लोंबतो तो शेवटचा विणलेला टाका आणि तो उजव्या हातात यायला हवा, हा साधा नियम नवशिकीला कोणी सांगितलेला नसतो, म्हणून ती उलट्या बाजूने परतते आणि एक भाग दोन सुयांनी उंच होऊन बसतो. वेणीची वीण असेल तर तिसऱ्या सुईवर काढलेले टाके पुढे धरले होते की मागे, हे उठण्यापूर्वी मनात होते, परतल्यावर नसते. माझ्या सासूबाई पाटीवरच्या पेन्सिलीने जमिनीवर रेघा ओढून सुया मोजीत; केर काढणारीने त्या पुसू नयेत म्हणून त्यांवर वाटी उपडी घालून ठेवीत. ती वाटी कोणी उचलली नाही असा दिवस विरळा.

परंतु या सर्वांहून सूक्ष्म आणि मला वाटते सर्वांत गंभीर हानी होते ती हाताची. विणकाम करणाऱ्या बायका एकमेकींना विचारतात, "तुझा हात घट्ट की सैल?" हा घट्टपणा स्वभावावर असतो हे खरे, पण तो चित्तवृत्तीवरही असतो. निवांत बसून विणलेल्या पन्नास सुया आणि पन्नास वेळा उठून, प्रत्येक वेळी ओठ आवळून परत येऊन विणलेल्या पन्नास सुया एकमेकींशेजारी ठेवाव्यात; दुसरा तुकडा आखूड आणि अरुंद दिसतो. हिशेब करून पाहण्यासारखा आहे. इंचाला सातऐवजी आठ टाके बसू लागले की ६३ टाक्यांची पाठ ९ इंच न राहता ८ इंचांच्याही किंचित आत येते. पुढचा भागही तसाच आला तर घेर दोन इंचांहून अधिक कमी होतो, आणि सहा महिन्यांच्या बाळासाठी योजलेले झबले तीन महिन्यांच्या बाळाला होते. नमुन्याचा चौकोन विणून, तो फूटपट्टीने मोजून, टाके घालून केलेली सर्व तजवीज अशा रीतीने फुकट जाते, आणि दोष मापाला दिला जातो. विणीत मनाची अशी नोंद उमटते म्हणूनच मला ती प्रिय आहे.

आटगावात लोकरीचे काय काम, असे मुंबईहून येणारे पाहुणे विचारतात, आणि कसारा लोकलमधून घामाघूम होऊन उतरलेल्या माणसाने तसे विचारणे स्वाभाविकही आहे. पण शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत लोकर परकी नाही. येथे तिचे पहिले नाते थंडीशी नव्हे, पावसाशी आहे. माहुलीचे सुळके आषाढात दिवसचे दिवस दिसेनासे होतात, आवणीच्या चिखलात माणसे सकाळपासून वाकलेली असतात, आणि त्यांच्या पाठीवर इरले नाही तर घोंगडी असते. मेंढीच्या लोकरीत मुळातच असणारी स्निग्धता पाणी बराच वेळ आत शिरू देत नाही, आणि लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा शोषूनही अंगाला ओली लागत नाही. घोंगडी मागावर विणतात, तिला चिंचोक्याची खळ लावून ताठ करतात. मुरबाड तालुक्यात म्हशाला पौष पौर्णिमेची मोठी जत्रा भरते, तेथे बैलांच्या बाजाराबरोबर घोंगड्याही विकायला येतात. याच ठाणे जिल्ह्यात, ठाण्याच्या खाडीकाठी, १९२५ साली रेमंडची लोकरगिरणी सुरू झाली होती. दोन सुयांची लोकर तेवढी आमच्याकडे उशिरा आली, आणि ती मार्गशीर्ष-पौषातल्या त्या थोड्या रात्रींसाठी, जेव्हा घाटावरून उतरणारा वारा कौलांच्या फटींतून आत येतो आणि तान्ह्या मुलाच्या कानांवर टोपडे असावे असे कोणालाही वाटते.

विणण्याचा हंगाम मात्र थंडीच्या कितीतरी आधी सुरू करावा लागतो. पौषात घालायचे ते ज्येष्ठात मांडले तर वेळेवर होते, आणि ज्येष्ठ-आषाढ हा या भागात विणकामाला सर्वांत प्रतिकूल काळ. हवेत ओल असते, तळहात घामेजतात, धागा सुईवर सरकत नाही. ॲल्युमिनियमच्या सुया असल्या तर पांढऱ्या लोकरीवर करडी छटा उतरते. मृगाचा पाऊस पडून गेला की ठाकरणी डोक्यावर पाटी घेऊन दारात उभ्या राहतात, "शेवळं घ्या, बाई, काकडं पण हाईत". आणि त्यांना थांबायला सांगणे हे कोणत्याही न्यायाने बरे नव्हे, कारण त्या पहाटेपासून रान तुडवून आलेल्या असतात आणि त्यांना आणखी चार घरे फिरायची असतात. तेव्हा विणकाम तहकूब. शेवळांच्या आतला खाजरा भाग काढून टाकावा लागतो. तो काढलेल्या हातांनी बाळाच्या लोकरीला स्पर्श करणे मला प्रशस्त वाटत नाही, म्हणून चिंच-साबणाने हात धुऊन, ते पूर्ण कोरडे होईपर्यंत आणखी एक घटका जाते. ही सर्व विघ्ने मी आनंदाने सोसते. त्यांना कारण आहे, त्यांच्या मागे कोणाचे तरी पोट आहे, आणि रात्री शेवळाची भाजी पानात असते.

संध्याकाळी वीज जाते तेही मला विघ्न वाटत नाही. साधी उलट-सुलट वीण बोटांना अंधारातही दिसते, आणि घरातील सर्वजण दिवा येईपर्यंत एका जागी बसून राहत असल्यामुळे तेवढा काळ कोणी काही मागत नाही. काळी लोकर तेवढी अशा वेळी हाती घेऊ नये.

लोकर अपुरी पडणे ही वेगळी आपत्ती. गुंड्याच्या वेष्टनावर रंगाचा क्रमांक असतो आणि त्याशेजारी लॉटचा. एकाच क्रमांकाचा रंग दोन वेगळ्या हंड्यांत उतरला की त्यात दिव्याच्या उजेडात न दिसणारा आणि उन्हात लपवता न येणारा फरक पडतो. येथून कल्याणला जाऊन लोकर आणायची, आणि एक बाही उरली असताना ती संपायची. पुन्हा जावे तर तो लॉट गेलेला असतो. अशा वेळी जुन्या गुंड्याच्या दोन सुया आणि नव्याच्या दोन सुया आलटून पालटून विणाव्यात, म्हणजे रंगाची सीमारेषा उमटत नाही. ही युक्ती मला ज्यांनी शिकवली त्यांना ती कोणत्याही पुस्तकाने शिकवली नव्हती. आज बाजारात लोकर म्हणून मिळणारा पुष्कळसा धागा ॲक्रिलिकचा असतो, त्याला कसर लागत नाही आणि तो धुवायला सोपा, तरी त्यालाही लॉट असतोच.

आता मूळ मागणीकडे वळते. दोन सुयांचे विणकाम आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत रुजले ते मिशनऱ्यांच्या शाळांतून आणि पुढे स्त्रियांच्या संस्थांतून. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे केले तेव्हा तेथे अक्षरांबरोबर शिवण-टिपणाचे वर्गही होते, कारण अनेक स्त्रियांना घराबाहेर पडण्याची परवानगी त्याच निमित्ताने मिळत असे. त्याच रमाबाईंच्या आठवणी १९१० साली प्रसिद्ध झाल्या, आणि नवऱ्याच्या इच्छेवरून शिकणाऱ्या सुनेला घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी किती छळले हे त्यांत ज्याने वाचले आहे त्याला पुढील गोष्ट सांगण्याची आवश्यकता नाही : हाती पुस्तक घेतलेली सून डोळ्यांत खुपे, हाती सुया घेतलेली खुपत नसे. विणणाऱ्या बाईला कोणी रिकामी म्हणत नाही. तिचे हात चालू असतात, त्यातून घराच्या उपयोगाची वस्तू निघते, आणि त्या आडोशाने तिला आपल्या मनाशी दोन घटका बसण्याची सनद मिळते. पण त्या सनदेत एक अट प्रथमपासून आहे, ती ही की कोणीही, केव्हाही, कोणत्याही कारणास्तव ती खंडित करू शकतो.

ज्यूडिथ ब्राउन या मानवशास्त्रज्ञ विदुषीने १९७० साली एका छोट्या निबंधात असे मांडले की ज्या समाजांत मुलांचा सांभाळ स्त्रियांकडे असतो तेथे स्त्रियांच्या वाट्याला अशीच कामे येतात जी घराजवळ करता येतील, जी मुलाला धोक्याची नसतील, ज्यांना गाढ एकाग्रता लागणार नाही आणि जी मध्येच थांबवून पुन्हा सहज उचलता येतील. विचार मार्मिक आहे आणि सूत कातण्यापासून निवडण-टिपणापर्यंत तो पडताळून पाहता येतो. विणकामही वरवर पाहता त्यातच बसते. तरीही मला येथे एक हरकत नोंदवावीशी वाटते. विणकाम थांबवता येते हे सत्य आहे, पण ते सुईच्या अखेरीस. मध्यावर थांबवता येते असे ज्यांना वाटते त्यांनी ते विणणाऱ्याच्या सहनशीलतेवरून ठरवले आहे, विणीच्या प्रकृतीवरून नाही. आणि एकाग्रता लागत नाही म्हणावे, तर मुंढ्याचे टाके दोन्ही बाजूंनी सारखे घटवताना, किंवा गळ्याभोवतीचे टाके समान अंतराने उचलताना, त्या बाईच्या मुद्रेकडे एकदा पाहावे.

घर ही मुदत देऊ शकत नाही, असे जर कोणी म्हणेल तर ते मी मान्य करणार नाही, कारण घराने ती दिलेली मी प्रत्यक्ष पाहिली आहे. १९६२ च्या हिवाळ्यात, उत्तर सीमेवर चिनी आक्रमण झाले तेव्हा, देशभरच्या स्त्रियांनी हिमालयात लढणाऱ्या जवानांसाठी स्वेटर, मोजे, मफलर विणायला घेतले. शाळांतून, महिला मंडळांतून लोकर वाटली जात होती. आमच्याही घरी फिकट खाकी रंगाच्या लडी आल्या, आणि मी त्या दोन्ही हातांवर ताणून धरीत असे, आई गुंडा करीत असे. मी तेव्हा लहान होते. रणभूमी कोठे आहे हे मला कळत नव्हते, परंतु घरात काहीतरी अपूर्व घडते आहे हे कळत होते, ते अशावरून की आई विणत असताना तिला कोणी हाक मारीनासे झाले. वडील स्वतः उठून चुलीवरचे दूध उतरवीत. आजी, जिला आयुष्यात कोणाची वाट पाहणे ठाऊक नव्हते, ती उंबऱ्याशी येऊन उभी राही आणि आईची सुई संपेपर्यंत बोलत नसे. त्या दिवसांत आईने विणलेल्या मोज्यांचे टाके असे एकसारखे होते की शाळेतल्या बाईंनी ते वर्गात फिरवून दाखवले. पुढे युद्ध थांबले, मोजे गेले, आणि आई पुन्हा आमच्यासाठी विणू लागली. हाका पूर्ववत सुरू झाल्या.

त्या हिवाळ्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. कामाला लागणारा वेळ तोच होता, बाई तीच होती, दूध तेवढ्याच वेगाने तापत होते. बदलला होता तो कामाचा दर्जा. सैनिकाच्या पायातला मोजा हे राष्ट्रकार्य होते, म्हणून त्याच्या एका सुईला प्रतिष्ठा होती. नातवंडाचे टोपडे हा आजीचा विरंगुळा, म्हणून त्याच्या सुईला नाही. मला वाटते, जे काम मनुष्य केवळ आवडीसाठी करतो त्याला घराकडून अधिक संरक्षण मिळायला हवे, कमी नव्हे, कारण त्याच्या मागे ना मालकाचा तगादा असतो ना देशाची हाक. त्याचे रक्षण करणारी त्या मनुष्याच्या इच्छेखेरीज दुसरी कोणतीही सत्ता नसते. सैनिकाचा मोजा कोणीतरी विणलाच असता. हे झबले मी विणले नाही तर ते होणार नाही.

माझी सून ठाण्याला नोकरी करते. दिवस गेल्यावर तिने मला विणकाम शिकवायला सांगितले आणि टाके घालण्यापासून आम्ही आरंभ केला. घरी तिला बसायला मिळेना. ती आल्यावर सर्वांनाच तिच्याशी काही ना काही काम असे. तेव्हा तिने लोकर पिशवीत घातली आणि परतीच्या कसारा लोकलमध्ये, बायकांच्या डब्यात, ती विणू लागली. त्या डब्यात भाजी निवडली जाते, वाटाणे सोलले जातात, हळदीकुंकू होते, डोहाळजेवणही होते. कल्याण सुटल्यावर खिडकीशी जागा मिळाली की टिटवाळा, खडवली, वासिंद, आसनगाव अशी स्थानके जातात आणि आटगाव येईपर्यंत तिला हाक मारणारे कोणी नसते. एकदा सुई उरली होती म्हणून शेजारच्या अनोळखी बाईने तिची पर्स आणि डबा उचलून दारापर्यंत आणून दिला, आणि ही विणीत विणीत उतरण्याच्या रांगेत उभी राहिली.

पाठ, दोन्ही पुढचे भाग आणि बाह्या तिने अशा गाडीतच पूर्ण केल्या. मी ते तुकडे उन्हात धरून पाहिले, पट्टी लावून मोजले. इंचाला सात टाके, खालपासून खांद्यापर्यंत, कोठेही हात घट्ट झालेला नाही. इतकी वर्षे विणून माझ्या हातून असा सलग हात क्वचितच उतरला आहे, आणि तो तिला त्या गर्दीत साधला.

गळ्याचे टाके उचलणे मात्र गाडीत जमण्यासारखे नव्हते. त्याला चांगला उजेड लागतो आणि शेजारी जाणते माणूस लागते. म्हणून एका रविवारी दुपारी आम्ही दोघी पडवीत बसलो. मी मुलाला बोलावून सांगितले की ही टाके उचलील, मग बाराच्या सुईने एक सुलट एक उलट अशी बोटभर पट्टी विणील, आणि टाके मिटवून होईपर्यंत आम्हा दोघींना कोणीही काही विचारायचे नाही. त्याने कारण विचारले नाही. चार वाजता चहा त्यानेच केला, आणि कप बाहेर आणल्यावर, तिची सुई संपेपर्यंत, तो हातात धरून उभा राहिला.